तिरप्या चालीचा खेकडा

फार वर्षांपूर्वी, बेडकांनाही मतं असायची तेव्हा, एक डबकं आटू लागलं. पुढच्या ओढ्याकडे जायचं की मागच्या तळ्याकडे, यावरून बेडकांत ‘पुढचे’ आणि ‘मागचे’ असे दोन तट पडले.

तेवढ्यात खेकडा तिरपा धावत आला. “अरे, बाजूच्या कातळाखाली झरा आहे! चला, नाहीतर सुकून मराल.”

“मागच्यांनी पाठवलंय याला,” पुढचे कुजबुजले.

“पुढच्यांचाच हेर! चाल तरी सरळ आहे का त्याची?” मागचे म्हणाले.

खेकड्याने ओल्या नांग्या दाखवल्या, तर दोघांनाही वाटलं, पाणी पाजून फितवलाय.

एक म्हातारी बेडकी तेवढी त्याच्याबरोबर निघाली. “फितूर!” दोन्ही तट पहिल्यांदाच एका सुरात ओरडले.

“मावशी, वळून बघू नका,” खेकडा हळूच म्हणाला, “लगेच मागच्यांच्या ठराल.”