बांगडी वाढली

एका नगरात एक कासार होता, आणि त्याला एक लहानगी लेक होती. हात नुसता बघून तो बांगडीचं माप सांगायचा.

एके सकाळी लेक हट्टाला पेटली. “बाबा, आधी मला हिरव्या बांगड्या भर!”

“राणीसाहेबांना भरून येतो, मग तुला,” असं म्हणून त्याने तिच्या बांगड्या कोनाड्यात ठेवल्या आणि तो वाड्यावर गेला.

त्याच दुपारी राणीचे सोन्याचे तोडे सापडेनात. राणीच्या हाताला हात लावणारा परका माणूस एकच! शिपायांनी कासाराला भर बाजारातून ओढत नेलं. तो म्हणत राहिला, “अहो, पोर वाट बघतेय माझी...”

न्यायाधीश तसे दुष्ट नव्हते. निवांत होते. कधी उत्सव आला, कधी भाच्याचं लग्न निघालं, कधी नुसताच उकाडा फार झाला.

“पुढच्या पौर्णिमेला बघू,” ते म्हणायचे. “घाई कसली? तुरुंगात तर आहे, पळतोय कुठे!”

सगळे हसायचे. कासार तेवढा कोठडीत डोळे मिटून लेकीचा इवलासा हात आठवत बसायचा. माप विसरायला नको म्हणून.

अशा किती पौर्णिमा गेल्या. शेवटी एकदाचा निवाड्याचा दिवस उगवला. न्यायाधीशांनी राणीच्या दासीला विचारलं, “तोड्यांचं काही ठाऊक आहे?”

“अगोबाई, ते होय! बांगड्या भरताना राणीसाहेबांनी काढून दिले, मी अत्तराच्या पेटीत ठेवले. तिथेच असतील की! मला कुणी विचारलंच नाही.”

तोडे पेटीतच होते. तोंडातला विडा संपायच्या आत निवाडा झाला.

“बघ, मिळाला की नाही न्याय?” न्यायाधीश खुशीत म्हणाले. “आता काय हवं ते माग.”

“महाराज, माझ्या घरापर्यंत चला. एक काम अर्धं राहिलंय.”

दारात एक उंच मुलगी उभी होती. “कोण पाहिजे?” तिने विचारलं.

कासाराने तिच्या हातांकडे पाहिलं. “तुझ्या... तुझ्या बांगड्या भरायच्या राहिल्यात गं.”

मुलगी दचकली. मग पळत जाऊन तिने कोनाड्यातल्या बांगड्या आणल्या. कासाराने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याजवळ हलकेच दाबला. बांगडी बोटांच्या पेरांपाशीच अडली. त्याने जरा रेटली. कट्!

कासाराच्या घरी बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही.

“बाबा, वाढली,” ती हळूच म्हणाली.

“हो गं,” तिच्याकडे बघत तो म्हणाला. “वाढलीस.”

न्यायाधीश घाईघाईने म्हणाले, “अरे, मोठ्या मापाच्या भर! मी देतो आणून.”

“मोठ्या माझ्याकडेही आहेत, महाराज. पण मधल्या मापांच्या राहून गेल्या. त्या आता कुठल्या हातात भरू?”

न्यायाधीश तिथून घरी गेले नाहीत, थेट तुरुंगाकडे वळले. दार उघडायला लावून म्हणाले, “आत अजून कोण कोण वाट बघतंय?”

तात्पर्य: बेडी उशिरानेही निघते, पण तिच्यात गेलेली वर्षं निघत नाहीत. म्हणून “पुढे बघू” म्हणण्याआधी आत कोण बसलंय ते बघावं.