वन्संच्या घरचे विरजण

विषय : घरचे विरजण घरच्याच फडताळात ठेवण्याबाबत.

संदर्भ : पुष्कळ जुन्या काळी घडलेला एक प्रकार. साल उपलब्ध नाही.

उपरोक्त विषयी लहानथोर वाचकांस कळविण्यात येते की, जेव्हा घड्याळे नव्हती आणि त्यामुळे कोणाला उशीरही होत नसे, अशा काळी नदीकाठी एक गाव होते.

गावात घरोघर दुभती जनावरे होती आणि घरोघर दही लागत असे. कोणाचे आंबट, कोणाचे गोड, कोणाचे इतके घट्ट की भांडे उपडे केले तरी जागचे हलू नये. एखाद्या घरचे विरजण बिघडले, तर बाई वाटी घेऊन शेजारी जाई. शेजारीण चमचाभर देई. देणारीचे काही कमी होत नसे, घेणारीचे काम होत असे, आणि जाता-येता तिसऱ्या घराविषयी दोघींचे बोलणेही होत असे.

इतकी चांगली सोय कोणाच्या तरी डोळ्यांवर येतेच. राजधानीतून एक कारभारी आला. त्याने वेशीबाहेर पांढरेशुभ्र दहीघर बांधले आणि दवंडी पिटवली, "दही लावायची कटकट आजपासून बंद. संध्याकाळी दूध द्या, सकाळी दही न्या. मोबदला काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?" एका म्हाताऱ्याने विचारले.

लोकांनी त्याला खाली बसवले.

अट एकच होती. दुधाचे भांडे उकळत्या पाण्याने धुऊन आणायचे. स्वच्छतेसाठी. ज्या मडक्यांत आजेसासूच्या काळापासून दही लागत आले होते, ती बायकांनी खसखसून धुतली. थोडे विरजण मागे ठेवावे, असे प्रत्येकीच्या मनात आले. पण शेजारणीकडे असेलच, असेही प्रत्येकीच्या मनात आले. शेजारीण विचारी होती. तिने तोच विचार केला.

दही उत्तम येऊ लागले. साऱ्या गावाचे सारखे, पांढरे, मऊ. पुढे पुढे दहीघर दूध थोडे जास्त मागू लागले. मग वाटीवर कारभाऱ्याची मोहोर आली. मग घरी ताक घुसळायला परवानगी लागू लागली. लोक कुरकुर करीत आणि परवानगी मागत. कुरकुरीला परवानगी लागत नव्हती, म्हणून ती भरपूर होई.

त्या गावात तान्हूबाई राहत असे. तिच्या लेकीचे, मैनेचे, लग्न ठरले. गावची रीत अशी की, लेक सासरी निघाली की आईने आपल्या विरजणाचे लहानसे गाडगे तिच्या हाती द्यायचे. नव्या घरातले तिचे पहिले दही माहेरच्या विरजणाने लागे. जिच्या हाती गाडगे नसे, तिला सासरची माणसे काही बोलत नसत. फक्त जन्मभर विसरत नसत.

तान्हूबाईने दहीघराचे दही घालून दूध लावून पाहिले. सकाळी दूध ते दूधच. पुन्हा लावले, पुन्हा तेच.

मैना म्हणाली, "आई, हे नुसतं दिसायला दही आहे."

तान्हूबाई दहीघरात गेली.

"लागायचंच नाही," कारभारी म्हणाला. "आम्ही ते जरा तापवून देतो. चवीत फरक पडत नाही. फक्त त्यातून दुसरं दही होत नाही."

"असं का?"

"तुमच्याच सोयीसाठी."

"दूध माझ्या म्हशीचं आहे."

"दूध तुमचंच, बाई. त्यावर आमचा हक्क नाही. दही मात्र आमचं."

"मग मी लेकीच्या हातात काय देऊ?"

"काही देऊ नका. तिच्या सासरीही दहीघर निघतंय."

तान्हूबाई वाटी घेऊन दारोदार फिरली. दारोदार एकच उत्तर मिळाले, "अगं बाई, मी तर तुझ्या भरवशावर होते." वाटी कोरडीच घरी आली.

नवरा रावजी म्हणाला, "सोनाताईकडं असेल. लग्नात ती आईचं विरजण घेऊन गेली होती."

सोनाबाई म्हणजे तान्हूबाईची नणंद, नदीपलीकडच्या गावी दिलेली. दहीघर निघाले तेव्हा तान्हूबाईने तिला निरोप धाडला होता, की आमच्याकडे आता कोणी हात आंबट करीत नाही. तो निरोप तान्हूबाईला आता आठवला. पण लेकीचे हात रिकामे दिसत होते. ती नावेत बसली.

"या वहिनी," सोनाबाई म्हणाली. "तुमच्याकडं दही म्हणे चालत घरी येतं."

"वन्सं, चमचाभर विरजण द्या. सासूबाईंचं."

"ते तुमच्याकडं होतं की."

"धुतलं."

"कशानं?"

"उकळत्या पाण्यानं."

सोनाबाईने वहिनीला बसायला पाट दिला. मग म्हणाली, "माझ्या आईनं तुम्हांला इतका जाच केला, तेव्हासुद्धा तुम्ही तिच्यावर उकळतं पाणी ओतलं नव्हतं."

तान्हूबाई हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आले. सोनाबाईने फडताळातून मडके काढले आणि एक गाडगे काठोकाठ भरले.

"चमच्यानं तुमच्या गावाचं भागणार नाही. इकडच्या चाऱ्यानं जरा आंबट झालंय. तुम्हांला हवं तसं वळवून घ्या. पण एक अट आहे. जो मागेल त्याला द्यायचं, कसं लावायचं तेही सांगायचं. आणि नेणाऱ्यालाही हीच अट घालायची."

"कारभाऱ्यानंही अटच घातली होती," तान्हूबाई म्हणाली.

"त्याची अट तुम्हांला बांधून ठेवायला होती, वहिनी. माझी कुणी विरजणाला बांधून ठेवू नये म्हणून आहे."

घरी येताच तान्हूबाईने त्यातून मोठे मडकेभर दही लावले. मैना भरल्या गाडग्यानिशी सासरी गेली. उरलेले विरजण वाटीवाटीने गावात फिरले. पहिले काही दिवस हाल झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणाचे दही फाटले, कोणाचे मांजराने खाल्ले, आणि दहीघराचे बरे होते म्हणणारेही निघाले. पण बिघडले की लोक शेजारी जात, आणि आता शेजारी खरोखरच विरजण असे.

दहीघराची दुधाची आवक आटली. तशात तिथला विरजणाचा एकुलता एक मोठा रांजण नासला. कारभाऱ्याला शेजारी नव्हता. त्याने चमचाभर विरजण मिळावे म्हणून गावाकडे मोहोरबंद अर्ज केला.

गावाने कळवले की, विरजणाला अर्ज लागत नाही. वाटी घेऊन कोणत्याही दारी यावे, कोणीही देईल. स्वतः वाटी घेऊन जाणे कारभाऱ्याच्या हुद्द्यात बसत नव्हते. त्याने पुन्हा अर्ज केला.

तात्पर्य : जे आपल्या घरी लावता येते आणि शेजाऱ्याला देता येते, ते फुकटच्या सोयीपायी दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नये.

कारभाऱ्याचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.