सातव्या फाटकाचा डोमाजी

तुमच्या पणज्यांचे केस काळे होते, तेव्हाची ही गोष्ट. खैरगाव ते सावरदरी अशी एक छोटी गाडी धावायची. रूळ अरुंद, डबे चार आणि वाटेत फाटकं सात. सातही फाटकांना माणूस मात्र एकच, डोमाजी. तो गाडीतूनच फिरायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, डोमाजी उतरून साखळी लावायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो साखळी काढून परत चढायचा. उशीर व्हायचा खरा, पण तीस वर्षांत त्या रुळांवर कोंबडीसुद्धा मेली नाही, असं म्हणतात.

मग एक नवा साहेब आला. त्याच्या हातात घड्याळ होतं, आणि ती वाट त्यानं कधी पायांनी तुडवली नव्हती. त्यानं हुकूम काढला : गाडी थांबवायची नाही, नुसती हळू करायची. डोमाजीनं पुढून उडी मारावी, धावत जाऊन फाटक लावावं, आणि शेवटचा डबा गेला की फाटक उघडून त्याच डब्याला लटकावं. डोमाजी साठीला टेकला होता. हे साहेबाला कुणी सांगितलं नाही असं नाही. त्यानं ऐकलं नाही.

"अन् पाय घसरला तं, साहेब?" डोमाजीनं विचारलं.

"घसरू द्यायचा नाही," साहेब म्हणाला.

हुकमाचा पहिला दिवस गुरुवारचा, सावरदरीच्या बाजाराचा. त्याच दिवशी डोमाजीची लेक यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि तिच्या बैलगाडीची वाट सातव्या फाटकातून होती. सहाव्या फाटकावर डोमाजीचा हात दांडीवरून निसटला. तो खडीवर आपटला.

"थांबव बे! मी राह्यलो ना!" तो ओरडला.

ऐकणार कोण? गार्ड डोकं खाली घालून साहेबाच्या नव्या तक्त्यात वेळ लिहीत होता. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा मागं चढला. आणि पुढं, वळणाआड, उतारावर, सातवं फाटक सताड उघडं होतं.

रूळ घोरपडीच्या डोंगराला वळसा घालून जायचे. डोमाजीनं सरळ डोंगरच धरला. शेळ्यांनाही नको वाटणारी ती चढण. असं म्हणतात, की त्याला पाहून दगड बाजूला सरले, बोरीच्या काट्यांनी माना खाली घातल्या, आणि उतारावर वाऱ्यानं त्याचं धोतर शिडासारखं फुगवून त्याला उचलून नेलं.

तो फाटकाशी पोचला तेव्हा यमुनेची बैलगाडी रुळांतच अडकली होती. चाक खाचेत, बैल हटेनात, चार गडी घामाघूम. डोमाजीनं खांदा लावला आणि पायातला काटा निघावा तसं चाक निघालं. त्यानं साखळी ओढली, आणि वळणावरून इंजिन आलं.

ड्रायव्हरनं त्याला पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. "अरे, तू तं मांगच्या डब्यात होता ना?"

"तुह्या डब्याले लई वेळ लागून राह्यला होता," डोमाजी म्हणाला.

"बाबा," यमुना बैलगाडीतून म्हणाली, "तुमच्या वहाना कुठी गेल्या?"

डोमाजीनं पायांकडे पाहिलं. वहाणा नव्हत्या, आणि ओरखडाही नव्हता. तेव्हा तो तिथंच धुळीत बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याच्यासोबत बाजाराला निघालेली अख्खी गाडी हसली.

हसून झाल्यावर उतारू खाली उतरले आणि रुळांवर बसले. हुकूम फिरेपर्यंत गाडी हलणार नाही, म्हणाले. दिवस मावळायच्या आत तार आली, हुकूम फिरला. त्या साहेबाचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि तेच योग्य आहे. यमुनेला चौथ्या दिवशी मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आता फाटकं विजेवर लागतात. ही गाडी बंद करायचे कागद तीनदा आले आणि गावांनी तीनदा परत धाडले. ती अजून धावते. सातवं फाटक ओलांडलं की ती क्षणभर थांबते. वेळापत्रकात हा थांबा नाही. गार्ड दारातून वाकून विचारतो, "डोमाजी चढला का?"

चारही डब्यांतून उत्तर येतं, "चढला!"

मगच हिरवी झेंडी हलते.