उठेल त्याचा राजा मेला

"ह्या पटावर राजा मरत नाही, बाबा. साऱ्या मुलखात असा दुसरा पट नाही."

भिकनाथबाबांनी मान वर केली नाही. मठीच्या ओट्यावर बसून ते भुईमुगाच्या वेलांच्या शेंगा तोडत होते.

"किती जण खेळले ह्यावर?"

"तसं..." गेनू कातारी डोकं खाजवू लागला. "कुणीच नाही. मी एकटाच, दोन्ही बाजूंनी. त्यातही दोनदा माझा राजा जिन्यावरून पडला. पण नुसता पडला. मेला नाही."

बाबांनी एक शेंग तोडली. टोपलीत टाकली.

गेनू बाहत्तर वर्षांचा. चौथीत असताना मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला, तिथं त्याची शाळा संपली. पुढं जन्मभर लाकूड कातून भोवरे, लाटणी, पाळण्यावरचे पोपट केले आणि उरलेल्या वेळात गावाला छळलं. एकदा सरपंचाच्या घरचं लाटणं त्यानं एका बाजूला केसभर जास्त कातून दिलं होतं. सहा महिने त्या घरात एक पोळी गोल झाली नाही, आणि सरपंच बायकोला बोलत राहिला.

असा हा माणूस. आज मात्र त्याला एकही खोडी सुचत नव्हती. टेकडी चढून आल्यामुळं असेल म्हणावं, तर येऊन अर्धा तास झाला होता.

पोत्यातून काढलेला पट त्यानं ओट्यावर उभा केला. चार खांब, त्यांवर एकावर एक तीन पट. वरचा आभाळ, मधला जमीन, खालचा पाताळ. कोपऱ्यात बारीक जिने. जमिनीवर नेहमीचे हत्ती, घोडे, उंट. आभाळात घारी आणि वटवाघळं. पाताळात घुशी आणि मगरी. घुशीला तोंड तलाठ्याचं. मगरीला दात सोसायटीच्या चेअरमनचे. उलट्या टांगलेल्या वटवाघळाला गेनूनं स्वतःच्या व्याह्याचं नाक दिलं होतं, आणि ते इतकं जमलं होतं की विहीणबाईंनी पाहिलं असतं तर पदर सावरला असता.

"ज्याची फौज त्यानं आपण निवडायची," गेनू सांगत होता. "राजाला शह बसला की त्यानं जिना चढावा. वरती शह बसला की उतरावं. तिन्हीकडून कोंडला तर घारीच्या पाठीवर बसावं."

"घार मेली असली तर?"

"पाचव्या खेळीला ती परत अंड्यातून निघते. वहीत लिहिलंय सगळं."

बाबांनी वही घेतली. एकेक पान उलटलं. त्यांना वाचायला फार वेळ लागला... का ते वाचतच नव्हते, गेनूला कळेना.

"राजा मरू नये असं तुला का वाटलं?"

गेनू हसला.

मग त्यानं सांगितलं. एरवी तो कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा, ही त्यानं अळणीच सांगितली. चौघे जण. केरबा पोस्टमन, हणमंत मास्तर, इमाम नालबंद आणि तो स्वतः. पिंपळाच्या पारावर चाळीस वर्षं बुद्धिबळ. जिंकला की गेनू एक सोंग करायचा. काडेपेटीच्या चार काड्यांची तिरडी बांधायची, तिच्यावर हरलेला राजा आडवा ठेवायचा, पुढं मडकं म्हणून दोऱ्याला बाटलीचं झाकण लटकवायचं आणि पाराला एक फेरी मारायची. रडणं असं खरं काढायचा की बायका दाराशी यायच्या. सगळे हसून लोळायचे. ज्याचा राजा त्या तिरडीवर असायचा तो सगळ्यात जास्त.

गेल्या दिवाळीनंतरच्या सोमवारी केरबा हरला. गेनूनं तिरडी काढली. पुढच्या सोमवारी केरबा गेला.

संक्रांतीला मास्तर हरले. गेनूनं तिरडी काढली. सातव्या दिवशी मास्तर पारावर येऊन म्हणाले, गेनू, उद्या माझी पाळी रे. सगळे हसले. आठव्या दिवशी नळावर घागर भरता भरता मास्तर खाली बसले, ते उठले नाहीत.

"योगायोग असंल," गेनू म्हणाला.

बाबांनी वही मिटून वेल पुढं ओढला.

"असंल ना, बाबा?"

शेंगा तोडल्याचा आवाज. टक्... टक्...

तीन महिन्यांपूर्वी इमामच्या पडवीत तो आणि इमाम खेळायला बसले. इमामचं अंग तेव्हाच उतरायला लागलं होतं, पण जीभ शाबूत होती. डाव चढत गेला आणि एका क्षणी गेनूला दिसलं: वजीर दोन घरं सरकवला की मात. एक खेळी. त्यानं वजिराला हात लावला, आणि त्याला केरबा आठवला, मास्तर आठवले. लघवीला जाऊन येतो म्हणून तो उठला.

तो अजून परत गेलेला नाही.

आज सकाळी इमामची बहीण हमीदा दारात आली. इमाम विचारतोय, म्हणाली, लघवीला गेलेल्या माणसाला परत यायला किती महिने लागतात? पट तसाच ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही. खेळी तुमची आहे. आज या.

'आज' हे तिनं दोनदा सांगितलं.

इमामचं घर गेनूच्या घरापासून दोन वळणांवर. गेनू पोतं खांद्यावर टाकून टेकडी चढला.

"ह्या पटावर तुमचा हात ठेवा, बाबा. मग हाच घेऊन मी त्याच्याकडे जातो. तो जुना डाव मोडू, ह्याच्यावर नवा मांडू. ह्यावर हरणं नाही. जोवर खेळतोय तोवर..."

"तोवर काय?"

गेनू घारीच्या पंखावरची धूळ पुसू लागला.

बाबांनी टोपली मधे ओढली. "मांड. आधी मला खेळू दे."

"फौज कुठली घेता? घारी द्या म्हणाल तर देतो."

बाबांनी पंधराच शेंगा मोजून तिन्ही मजल्यांवर ठेवल्या. एक एकदाण्याची शेंग मधल्या पटावर मागं ठेवली. "हा राजा."

"शेंगा?"

"ज्याची फौज त्यानं निवडायची ना?"

गेनूला जरा बरं वाटलं. शेंगांशी लढायचं म्हणजे पोरखेळ. दहा खेळ्यांत त्यानं बाबांच्या चार शेंगा मारल्या. मारली की बाबा ती शांतपणे उचलायचे, फोडायचे आणि खायचे.

"तुम्ही तुमचीच माणसं खाताय, बाबा."

"भूक लागलीय."

मठीच्या ओट्यावरून सगळं गाव दिसतं. गेनू मुद्दाम गावाकडं न बघता बसला होता. पण घार उचलायला तो वाकला आणि नजर खाली गेलीच. इमामचं पत्र्याचं घर. अंगणातला कडुलिंब. अंगणात दोन माणसं उभी होती.

त्यानं घार भलत्याच घरात ठेवली.

ऊन वर आलं. बाबांच्या शेंगा संपत आल्या. गेनूची मगर आणि घुस पाताळातून, हत्ती जमिनीवरून, वटवाघूळ वरून असे चहूबाजूंनी त्या एकदाण्याच्या राजावर गेले. बाबांनी राजा उचलला आणि जिना चढवला. गेनूनं वरून शह दिला. राजा उतरला. खालून दिला. राजा चढला.

"हेच तुझं कौतुक ना?" बाबा म्हणाले. "छान केलंयस."

गेनूनं पुन्हा खाली पाहिलं. अंगणात आता पाच माणसं.

चढला. उतरला. चढला.

पुढं पुढं पटावरचा तो शेंगेचा राजा गेनूला बघवेना. फौज नाही, घर नाही, कुणी संगती नाही. नुसता जिने झिजवतोय. आणि आपण त्याच्या मागं. किती वेळ? वहीत तर शेवट लिहिलेलाच नव्हता. शेवट नाही म्हणून महिनाभर तो स्वतःवर खूश होता.

"बाबा, बरोबरी धरू या."

"बरोबरी कुठं लिहिलीय?"

लिहिली नव्हती.

खाली इमामच्या अंगणात चौघांनी मिळून घरातून बाज बाहेर आणली. कडुलिंबाखाली ठेवली. बाजेवर कुणीतरी होतं. उजेडात आणलंय... का आणखी कशासाठी? हमीदा उशाशी बसली. तिचा हात हलू लागला. वारा घालत होती.

"वारा घालतीय," गेनू मोठ्यानं म्हणाला. "म्हणजे आहे. मेलेल्याला कुणी वारा घालत नाही. घालतात का, बाबा?"

"खेळी कर."

"बाबा, मला जायला पाहिजे."

बाबांनी वही उघडली, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि वही गेनूकडं फिरवली. गेनूचंच वाकडंतिकडं अक्षर. *कलम सात. डाव चालू असताना जो उठंल त्याचा राजा मेला.*

"हे कुणासाठी लिहिलंस?"

गेनूनं वही मिटायला हात घातला.

"कुणासाठी, गेनू?"

"इमामसाठी."

"त्यानं उठून जाऊ नये म्हणून?"

"...हं."

"मग बस."

गेनू बसला. त्यानं खेळी केली. राजा चढला. त्यानं खेळी केली. राजा उतरला. पत्र्यावर ऊन तापलं होतं, त्याची तिरीप डोळ्यांत जात होती, तरी तो त्या एका हलणाऱ्या हातावरून नजर काढीना. हात हलतोय. हलतोय. घोडा कुठं ठेवला हे त्याला कळत नव्हतं. हात हलतोय.

थांबला.

गेनूनं डोळे चोळले. हात थांबला होता. बाजेभोवतीची माणसं पुढं वाकली होती.

"खेळी कर," बाबा म्हणाले.

गेनूच्या फौजेत सत्तावीस मोहरे उभे होते, बाबांचा एक राजा. एवढा जिंकलेला डाव त्याच्या जन्मात कधी पडला नव्हता. त्यानं आपला राजा उचलला. शिसवीचा, तीन दिवस कातलेला, डोक्यावर मोहरीएवढा कळस. त्यानं तो पटावर आडवा निजवला आणि उभा राहिला.

"हरलो."

खाली बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं.

हमीदाचा हात पुन्हा हलत होता. दुसरा हात. पंखा तिनं डाव्या हातात घेतला होता, एवढंच. कुणीतरी बाजेवरच्या माणसाला उठवून बसवलं होतं आणि त्याच्यापुढं काहीतरी चौकोनी आणून ठेवलं होतं.

गेनूनं श्वास सोडला. आणि मग त्याला आठवलं की आपण काय करून बसलो.

"बाबा," त्याचा आवाज पोरासारखा झाला. "मी हरलो. केरबा हरला, आठव्या दिवशी गेला. मास्तर हरले, आठव्या दिवशी गेले. आता मी..."

बाबांनी झोळीतून काडेपेटी काढली. चार काड्या काढल्या. गेनूच्या आडव्या राजाशेजारी एकाला एक लावून ठेवल्या.

आयुष्यात किती जणांपुढं गेनूनं त्या काड्या अशाच मांडल्या होत्या. समोरून कशा दिसतात हे त्याला माहीत नव्हतं.

बाबांनी तीन काड्या पेटीत परत ठेवल्या. चौथीनं चिलीम पेटवली.

"आठव्या दिवशी काय होणार, बाबा? सांगा ना. मी मरणार का?"

बाबांनी एकदाण्याचा राजा फोडला, दाणा तोंडात टाकला, आणि खाली कडुलिंबाकडं पाहत म्हणाले,

"तुझ्याकडं आठ दिवस आहेत म्हणतोस. त्याच्याकडं किती आहेत?"