फसलेला काढा

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या पाच गावांत ताप-जुलाबाची साथ आली. त्यातल्या एका गावात एक नावाजलेला वैद्य होता. महिनाभर तो घरोघरी फिरत होता. पाय सुजले होते, आवाज बसला होता.

सुरुवातीला त्याने नऊ जणांना एका कडू मुळीचा काढा दिला. जुलाब थांबायचे सोडून वाढले. सहा जण गेले. वैद्याने उरलेल्या मुळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि कुणाजवळ त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एके दिवशी शेजारच्या गावची सुईण नदी ओलांडून आली. तिथे वैद्य नव्हता, आजाऱ्यांचं तीच बघत होती.

"वैद्यबुवा, काही सुचेना झालंय. जुलाबावर ती कडू मुळी देतात म्हणे, देऊन बघू का?"

खरं सांगितलं तर पाचही गावांत नाव खराब होईल, असं वैद्याला वाटलं.

"अजून नक्की काही सांगता येत नाही," एवढंच तो म्हणाला.

आठ दिवसांत तिच्या गावाहून एकामागून एक वाईट बातम्या आल्या. शेवटी वैद्य तसाच उठून तिकडे गेला.

सुईण एका ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, ती मुळी देऊ नका. मीही दिली होती. माझी सहा माणसं गेली."

ओरडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"तीच मुळी देऊन इथली अकरा गेली," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

ती भिंतीचा आधार घेत उठली.

"उरलेल्या तीन गावांना तरी सांगा. चला, मीही येते."

दोघं पाय ओढत गावोगाव गेली. प्रत्येक चावडीवर वैद्याने सगळं सांगितलं: काय दिलं, किती जणांना दिलं, किती गेले. कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंड फिरवलं. शेवटच्या गावात मात्र एक म्हातारी गवळण पुढे आली.

"मी नुसती मीठ घातलेली पेज घोटघोट पाजतेय. बरीच माणसं उठून बसली. पण मी अडाणी बाई, वैद्यांना काय सांगणार, म्हणून बोलले नाही."

दोघांनी पेजेची गोष्ट पाचही गावांत पोचवली. साथ हळूहळू ओसरली. लोक वैद्याच्या पाया पडायला आले, तेव्हा त्याने त्यांना अडवलं.

"नको. मला आधी नदीपलीकडच्या अकरा घरी जायचंय," तो म्हणाला, आणि चालू लागला.

तात्पर्य इतकंच: साथीच्या दिवसांत जे कळलं ते लगेच सांगावं, आणि जे फसलं, ते तर सगळ्यात आधी.