आवडाईची मूठमाती

सड्यावर अजून पायवाटही पडली नव्हती, त्या काळातली ही हकिकत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, आणि त्यावर नऊ घरांची वाडी. वाडीला अभिमान एकच, आपला कातळ स्वच्छ! पावसाळा सरला की बायका शेवाळ खरवडून, केरसुणी मारून तो लख्ख करायच्या. नखात भरेल एवढीही माती कुठे नव्हती.

तिथल्या आवडाईची लेक जन्मल्यापासून अकराव्या दिवशी गेली. तिला खळग्यात ठेवून वर दगड रचले. आवडाई म्हणाली, "मूठमाती तरी द्या हो तिला."

सासरे मान खाली घालून म्हणाले, "कुठनं देऊ, पोरी?"

मग तिनं दरीतून पाटीभर माती वर आणली. एका सरीत ती धुऊन गेली. तीनदा आणली, तीनदा गेली. गुळगुळीत कातळ काही धरून ठेवीना.

देवळामागच्या कपारीत केरसुणी पोचत नसे. तिथे मेलेल्या शेवाळाखाली तिला चिमूटभर काळी भुकटी दिसली. तिनं तिथेच हात जोडले आणि व्रत घेतलं, 'लेकीच्या खळग्याभोवती झाडणार नाही, कातळ स्वतः माती देईपर्यंत.'

जाऊ टोचायची, "माहेरी केरसुणी नव्हती वाटतं!"

"असू दे, जाऊबाई. लेकीचं पांघरूण विणलं जातंय."

दगडावर करडे डाग धरले. शेवाळ आलं, वाळलं, पुन्हा आलं. उन्हानं कातळाला चिरा पडल्या, चिरांत पाणी मुरलं, पाण्यामागून गवताची मुळं शिरली. आवडाई रोज तांदूळ धुतलेलं पाणी तिथे ओतायची. नवरा गेला, जाऊ गेली, माती काही मूठभर होईना. असं म्हणतात, यमाचा दूत तीनदा दारात आला आणि तिचं व्रत बघून परत गेला.

असं म्हणतात, तिला शंभरावर वीस वर्षं झाली, तेव्हा मूठ भरली. तिनं ती लेकीवरच्या दगडांवर सोडली. म्हणाली, "उशीर झाला गं, बाळा." आणि तिथेच डोकं टेकलं.

वाडीत आजही प्रत्येक दाराशी वीतभर कातळ न झाडता ठेवतात. त्याला आवडाईची वीत म्हणतात. कुणाचं तान्हं गेलं, तर घराघरातून तिथलीच चिमूट येते. श्रावणी सोमवारी बायका त्यावर तांदळाचं पाणी घालतात, आणि ही माती कुणाला लागू नये असं म्हणतच ती वाढवत राहतात.