सगळ्यांचा बांध

प्राणी एकमेकांशी बोलत असत, त्या काळी एका ओढ्यावर सगळ्यांनी मिळून बांध घातला होता. त्यावर मालकी कुणाचीच नव्हती. पाणी कुणीही प्यावं, डागडुजीला कुणीही यावं. फक्त आधी म्हाताऱ्या भिवा कासवाला कामाचा नमुना दाखवून होकार घ्यावा, एवढाच नियम.

लव्हाळी नावाच्या तरुण पाणमांजरीनं उन्हाळाभर तो बांध न्याहाळला. एका जागी पाणी झिरपताना तिला दिसलं. तिनं चिकणमाती मळली, वेताची जाळी विणली आणि नमुना कासवाच्या दारात ठेवला. आठवडा गेला. तिनं आणखी चांगला नमुना केला. महिना गेला. आपल्यातच काही कमी असेल, असं वाटून तिचं जेवणावरचं मन उडालं.

शेवटी ती स्वतःच गेली. दारात तिच्यासारख्यांचे पन्नासेक नमुने वाळून पडले होते.

"काका, माझं काम चुकलं का?"

"मी ते पाहिलंच नाही, पोरी," मातीनं माखलेलं कासव म्हणालं. "पाणी प्यायला सगळे येतात. लिंपायला मी एकटाच. नमुने कधी बघू?"

"मग मला शिकवा. निम्मं काम मी करते."

"शिकवायला चार दिवस लागतील. चार दिवस हात थांबवला, तर बांध राहायचा नाही."

 लव्हाळी खालच्या डोहाकडे निघून गेली. तिला हाक मारायला कासवानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात पलीकडची माती खचली आणि ते तिकडे वळलं.